पुनम टेबलाशी का बसेना

लातूरला औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत व्यंकट मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. तिथून निघालेलं टेबल लांबून ओळखू यायचं. लोखंडी अँगलचे चार पाय, वर प्लाय, प्लायवर हिरवट सनमायका, आणि बसणाऱ्याच्या डोक्याच्या जरा वर-पुढं पुस्तकांसाठी दोन मजली कप्पा. हा कप्पा व्यंकटच्या स्वतःच्या डोक्यातला. शिकवणीच्या पोरांना खोली मिळते ती कूस बदलायला पुरेल एवढी, आणि पुस्तकं मात्र पोतंभर. मग पुस्तकं ठेवायची कुठं, तर हवेत. एवढ्या एका विचारावर त्याचा धंदा चालला. बारावी सायन्सचं वेड लातूरला लागलं, बिलोलीपासून जळकोटापर्यंतची पोरं गाठोडी घेऊन एस.टी.तून उतरायला लागली, आणि ज्याच्या घरात एक खोली जास्तीची तो माणूस आठ दिवसांत होस्टेलवाला झाला. त्या सगळ्यांना टेबलं लागत होती.

व्यंकट मूळचा जळकोटाकडचा. घरी कोरडवाहू जमीन, शिक्षण गावच्याच शाळेत दहावीपर्यंत, पुढं उदगीरला वेल्डिंग शिकला. हात चांगला होता, पण नाव झालं ते हातापेक्षा तोंडामुळं. टेबल घ्यायला आलेल्या माणसाला मापं विचारायच्या आधी तो भलतंच विचारायचा. पोरगं डावरं हाय का, वाचताना पाय हलवतंय का, घरी कुठं बसून वाचत होतं. गिऱ्हाईक वैतागायचं. देवणीच्या एका शेतकऱ्यानं त्याला सरळ विचारलं होतं, की मिस्त्री, तुम्ही टेबल करायलाव का सोयरीक जमवायलाव? व्यंकट हसला. पण त्या शेतकऱ्याचं पोरगं पाय हलवणारं निघालं, तेव्हा टेबलाखाली त्यानं पाय टेकायला एक आडवी दांडी मारून दिली. टेबल डुगडुगायचं थांबलं. पुढं त्याच शेतकऱ्यानं आपल्या गावची सहा गिऱ्हाइकं पाठवली, आणि सहाच्या सहांनी दांडी मागितली. त्यातल्या चौघांची पोरं पाय हलवतच नव्हती.

ही विचारायची खोड त्याला लागली ती भूकंपाच्या साली. ती हकिकत आधी सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्र्याण्णव साली गणपती बुडवून माणसं झोपली आणि पहाटे जमीन हलली. व्यंकटची थोरली बहीण केवळाबाई निलंगा तालुक्यात दिलेली. व्यंकट उदगीरहून मिळेल त्या ट्रकनं तिथं पोचला. केवळाबाई, तिचे मालक किशनराव आणि नऊ वर्षांची पुनम अंगणात झोपली होती म्हणून वाचली. किशनरावांची आई आत होती, ती माळवदाखाली गेली. माळवद म्हणजे लाकडाच्या तुळयांवर हातभर माती टाकलेलं छत. उन्हाळ्यात थंड, आणि पडलं की सगळंच थंड. व्यंकट चार दिवसांसाठी गेला होता, तो दीड वर्ष राहिला. दिवसभर पत्र्याच्या शेडचे अँगल जोडायचा. त्यातच मदतीला आलेल्या एका संस्थेला फॉर्म भरायला गावाकडची बोली समजणारा माणूस हवा होता, तो व्यंकट झाला.

संस्थेत मालविका नावाची पुण्याची पोरगी होती, घरांचे नकाशे काढायला शिकलेली. पडलेल्या गावांची यादी दुसऱ्यांकडं होती. हिच्याकडं आली ती तडे जाऊन उभी राहिलेली गावं. छापील फॉर्मवर सवाल होता, ‘या घरात सध्या किती माणसे झोपतात?’ एका गावात व्यंकटनं बासष्ट घरं केली आणि बासष्ट ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळालं, कुणीच न्हाई. त्यानं इमानदारीनं बासष्ट वेळा शून्य लिहिलं. उत्तर खरंच होतं. भेगाळलेल्या भिंतीखाली कोण झोपणार? सगळं गाव शेतात, लिंबाखाली, बैलगाडीखाली पसरलेलं. पण कागद वर गेला आणि वरच्या माणसांनी अर्थ लावला, की या गावातली घरं रिकामी आहेत, इथं पत्र्याची गरज नाही. ट्रक गावावरून पुढं निघून गेला. गाव व्यंकटवर खवळलं. आणि व्यंकटला काही केल्या कळेना, की आपण यात खोटं काय लिहिलं.

मालविकाला कळलं. ती कागद बघून म्हणाली, माणसं चुकली नाहीत, सवाल चुकला. आकडा विचारायचाच नाही. कालचा दिवस सांगा म्हणायचं आणि आपण गप्प बसायचं. 

दुसऱ्या फेरीला तसं केलं. पहिलंच घर सिद्रामप्पा नावाच्या म्हाताऱ्याचं. त्यांनी कालचा दिवस सांगायला रझाकारांपासून सुरुवात केली, दुपारपर्यंत बहात्तरच्या दुष्काळात आले, आणि व्यंकटनं हळूच घड्याळाकडं बघितलं तर म्हणाले, थांब, काल याच्यातूनच निघतो. पण काल निघाला. ज्वारीची पोती घरात, माणसं शेतात, आणि पोत्यांच्या राखणीला थोरला मुलगा उंबऱ्यात बसून, एक पाय आत, एक पाय बाहेर. तो पाय बघून मालविकानं कागद नव्यानं लिहिला, की घरं रिकामी नाहीत, झोपायच्या लायकीची नाहीत, आणि पत्रे आले. तेव्हापासून व्यंकटनं ध्यानात ठेवलं, की माणसाला सवाल टाकला की ते सवालापुरतं बोलतं, आणि दिवस सांग म्हटलं की जगतं कसं ते सांगतं.

एवढं शहाणपण गाठीला असलेला हा माणूस आठ वर्षांनी सख्ख्या भाचीच्या बाबतीत पार गोंधळून गेला.

पुनम दहावीला केंद्रात पहिली आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. किशनराव वाईट माणूस नव्हते, पण एकुलती एक पोरगी शहरात ठेवायची म्हणजे त्यांचा जीव वरखाली. त्यांनी केवळाबाईला आणि मेव्हण्याला तोंडावर सांगितलं, की दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर ठीक, नाही जमलं तर दिवाळीला मी तिला घेऊन येणार, गावाकडंच आर्टला जाईल. व्यंकटनं छातीवर हात मारून हो म्हटलं, आणि दोन हजार एकच्या जूनमध्ये पुनम लातूरला आली.

व्यंकटचं घर म्हणजे शेडमागची एक खोली, दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या. म्हणून तिला ठेवली पार्वतम्माकडं. पार्वतम्मा उदगीरपलीकडच्या, बोलण्यात निम्मं कानडी, नवरा वारल्यावर घरात चौदा पोरी ठेवून घेतलेल्या. सगळ्या पोरी त्यांना अम्मा म्हणायच्या आणि घाबरायच्या. चौदाही टेबलं व्यंकटनंच दिलेली.

पहिल्या टेस्टला पुनमला शंभरात बहात्तर मार्क मिळाले. व्यंकटनं गल्लीत पेढे वाटले आणि मार्कांची यादी गावी नेऊन दाजींना दाखवली. मग नागपंचमीच्या सुमाराला तो सहज म्हणून अम्मांकडं गेला, तर भाची मोरीपाशी बसून भांडी घासतीय आणि अम्मा पाटावर बसून गवार मोडतायत. मामाच्या काळजाला घरं पडली. परक्याच्या दारात आपल्या बहिणीची लेक भांडी घासते, हे गावात कळलं तर काय राहील? त्यानं अम्मांना तिथंच सुनावलं, की पोरगी शिकायला आलीय, कामाला न्हाई. अम्मा म्हणाल्या, मी कुठं सांगितलं, ती आपणहून येते. व्यंकटला ते पटलं नाही. त्यानं दुसऱ्याच दिवशी पुनमसाठी नवं टेबल आणून ठेवलं, नेहमीपेक्षा रुंद, कप्प्याला काचेची सरकती दारं. अम्मांनीही राग धरला आणि पुनमला स्वयंपाकघराचा उंबरा बंद केला. जा, टेबल दिलंय ना मामानं, तिथं बस.

त्यापुढच्या टेस्टला अठ्ठावन्न. मग चव्वेचाळीस. गणपती बसले तेव्हा एकतीस.

व्यंकटनं तपास चालू केला. पोरींच्या होस्टेलात पुरुषाला मज्जाव, मग तो हातात पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जायचा, टेबलांचे नट आवळायला. अम्मा दारात उभ्या. आठवड्यात तिसऱ्यांदा नट आवळायला आला तेव्हा अम्मांनी विचारलं, की मिस्त्री, तुमची टेबलं एवढी ढिली असतात हे आधी का नाही सांगितलंत?

खोलीतली दुसरी पोरगी राजश्री, बिलोलीची, जिभेला हाड नसलेली. तिच्याकडून कळलं, की पुनम टेबलाशी बसतच नाही. पुस्तक घेऊन खोलीत येरझाऱ्या घालते, खाटेवर उताणी पडून पुस्तक तोंडावर ठेवते, दाराच्या चौकटीत टेकून उभी राहते. खुर्ची टेबलापासून हातभर मागं. टेबलावर राजश्रीचा डबा असतो आणि दोघींच्या ओढण्या वाळतात.

व्यंकटला वाटलं, उजेड. टेबल भिंतीपासून काढून खिडकीपाशी लावलं. काही नाही. मग वाटलं, उंची. पाय दोन इंच कापले. राजश्री म्हणाली, आता गुडघे अडकतात. दोन इंच परत जोडले. लोखंड कापून तेच लोखंड परत जोडताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. शेवटी त्यानं मालविकाचा मंत्र काढला. रविवारी पुनमला शेडवर बोलावून समोर चहा ठेवला आणि म्हणाला, बाळा, कालचा दिवस सांग.

“काल काय मामा, क्लास केला, डबा खाल्ला, अभ्यास केला.”

“अन् परवा?”

“परवा बी तेच.”

तो गप्प बसला, जसं बसायचं असतं तसं. तीही गप्प बसली. चहा निवला. ज्या सवालानं सिद्रामप्पांच्या तोंडून रझाकार आणि दुष्काळ बाहेर आले, त्यानं या पोरीच्या तोंडून दीड वाक्य निघालं. शिकवणीच्या पोरांच्या दिवसाला गोष्टच नसते, हे त्याला तेव्हा उमजलं नाही. त्याला वाटलं, आपली विद्या गेली. काही त्रास हाय का म्हणून विचारलं तर ती म्हणाली, “न्हाई मामा, सगळं बरं हाय,” आणि हे म्हणताना तिचे डोळे भरून आले. आता या दोन गोष्टींतली खरी कोणती धरायची?

त्या रात्री त्याला झोप नाही आणि सकाळी एकदम डोक्यात वीज चमकली. खुर्ची हातभर मागं. डोक्यावर कप्पा. कप्प्यात पोतंभर पुस्तकं. अरे, हे तर माळवद. आजी माळवदाखाली गेलेली जिनं नऊ वर्षांच्या वयात बघितली, तिच्या डोक्यावर आपण लोखंडी माळवद टांगलं, वर काचेची दारं लावली! आणि एकटीच्या नव्हे, सगळ्या लातूरभर, ज्यांची घरं पडली त्या गावांच्या पोरांच्या डोक्यावर आपण हेच टांगत आलो. लोखंड कापायचा हॅकसॉ घेऊन तो तडक अम्मांकडं गेला आणि त्या नको नको म्हणत असताना दुपारपर्यंत चौदाच्या चौदा कप्पे कापून काढले.

संध्याकाळी पोरी क्लासवरून आल्या तर पुस्तकं जमिनीवर, तेलाच्या बाटल्या, आरसे, देवांचे फोटो जमिनीवर. एकच गदारोळ झाला. राजश्री म्हणाली, “मामा, भूकंप पुनमच्या गावाला झाला, माझा कप्पा का नेला?” आणि पुनम कापलेल्या अँगलवरून बोट फिरवत हळूच म्हणाली, की मला कप्पा आवडायचा. काचेत मागचं दार दिसायचं.

कप्पा गेला तरी ती टेबलाशी बसेना.

मग तो बहिणीकडं गेला. केवळाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि भावाला फैलावर घेतलं.

“गाय दूध देईना, भूकंप. कुणाचा जावई बोलंना, भूकंप. आता पोरगी टेबलाशी बसंना, तर ते बी भूकंपच का रे? आठ वर्सं झाली. आम्ही पुन्हा बांधलेल्या घरात झोपतो, उठतो, भांडतो.”

व्यंकटनं विचारलं, की इथं असताना ती अभ्यास करायची कसा? केवळाबाई म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं, मी आपली भाकरी थापायचे, ती समोर बसून बडबडायची. व्यंकटनं मान हलवली. हे त्याच्या एका कानातून आत गेलं आणि दुसऱ्या कानातून एस.टी.त बसायच्या आधीच बाहेर पडलं. त्याचं सगळं ध्यान पुढच्या टेबलाच्या मापात होतं.

दसरा झाला. दिवाळी तीन आठवड्यांवर आली. अम्मांचा निरोप आला, की मिस्त्री, कप्पे तोडलेत ते तोडलेत, निदान भिंतीला फळ्या मारून द्या, पोरींची पुस्तकं पायाखाली येतात, सरस्वती कोपेल. व्यंकट फळ्या घेऊन गेला. भिंतीला भोकं पाडत होता, अम्मा खाली डाळीची परात घेऊन बसल्या होत्या. कप्पे कापल्यापासून दोन महिन्यांचा अबोला. भोक पाडून झालं, यंत्राचा आवाज थांबला, आणि अम्मांनी डाळीतून मान वर न काढता विचारलं, “मिस्त्री, तुम्ही शिकलेले. ते बेडूक जगतं कसं?”

व्यंकटला वाटलं, कानात यंत्राचा आवाज भरलाय. त्यानं कोणतं बेडूक म्हणून विचारलं.

अम्मा सांगायला लागल्या. बेडकाचं काळीज तीन खणाचं. आपलं चार खणाचं, गाईचं चार खणाचं, बेडकाचं तीनच. वर दोन खण, खाली एक. वरच्या एका खणात चांगलं रगत उतरतं, दुसऱ्यात वापरलेलं. पण खाली खण एकच, म्हणून दोन्ही एकात एक मिसळतं. जसं पिण्याचं पाणी आणि मोरीचं पाणी एकाच हौदात सोडावं.

“मग ते बेडूक मरत का न्हाई, हे पोरगी सांगणार, तेवढ्यात तुम्ही आलात अन् भांड्यावरून भांडण काढलंत. नागपंचमीपासून माझं बेडूक अधांतरी हाय.”

व्यंकट शिडीवरच बसला. अम्मांना अक्षर येत नव्हतं. हिशेबाला त्या बोटांची कांडी मोजायच्या. आणि त्या त्याला काळजाची वरची बाजू, खालची बाजू समजावून सांगत होत्या. त्यानं विचारलं, आणखी काय काय सांगितलं पोरीनं? अम्मांनी यादीच लावली. झाडाचं पान जेवण कसं करतं. लोखंड गंजतं म्हणजे त्याला काय होतं. ते तुम्हाला पण ठाऊक नसेल. दिवसाला दोन-तीन गोष्टी व्हायच्या. ती भांडी घासायची ते भांड्यांसाठी न्हाई हो, तोंड मोकळं राहतं अन् हात गुंततात म्हणून. मी आपली मध्ये मध्ये ‘मग?’ म्हणायची.

क्लासवरून पुनम आली. व्यंकटनं तिला काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की अम्मांचं बेडूक अडकलंय, ते सोडव.

पुनमनं मामाकडं बघितलं, अम्मांकडं बघितलं. दप्तर खांद्यावर तसंच. म्हणाली, “अम्मा, ते नुसत्या नाकानं श्वास घेत न्हाई. त्याची कातडी ओली असते ना, ते कातडीनं बी हवा घेतं. पाण्यात बसलेलं असतं तेव्हा तर सगळं अंगच त्याचं नाक. म्हणून कातडीकडून येणारं रगत बी थोडं ताजं असतं. मिसळलं तरी भागतं.”

“अन् कातडी वाळली तर?” अम्मा म्हणाल्या.

“मग मरतं.”

“म्हणून उन्हाळ्यात जमिनीत जाऊन बसतं होय,” असं म्हणून अम्मांनी सुस्कारा सोडला आणि परातीतला खडा टिपून बाहेर फेकला. पुनम दप्तर टाकून त्यांच्यासमोर बसली होती, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा व्यंकटनं तिला अभ्यासाला बसलेलं बघितलं.

आता यातून काय समजायचं, याचा व्यंकटला त्या दिवशी पत्ता लागला आणि नाहीही. एवढं कळलं, की भाचीची वाट त्यानं स्वतःच्या हातानं बंद केली होती, मान राखायच्या नादात. पुनमला खोदून विचारलं तेव्हा तीही सांगताना अडखळली. तिला वाटायचं, खरा अभ्यास म्हणजे टेबलाशी गप्प बसून करतात तो. आपण करत होतो ती नुसती गप्पा मारायची खोड. म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. खोड लागली कधी? तर भूकंपानंतर. शाळा तंबूत, सगळ्या वर्गात पुस्तक एक, गुरुजी वाचून दाखवायचे आणि घरी जाऊन कुणाला तरी सांगा म्हणायचे, म्हणजे राहील डोक्यात. ती शेडमध्ये चुलीपाशी बसून आईला सांगायची. म्हणजे भूकंप होता तर. पण माळवदात नव्हता, कप्प्यात नव्हता. मग केवळाअक्का बरोबर की आपण? व्यंकटनं डोकं खाजवलं आणि ते तिथंच सोडलं. दिवाळी वीस दिवसांवर होती.

त्यानं टेबल केलं. आधी केलं ते उंच, दोन बाजूंना दोन खुर्च्या. अम्मा खुर्चीवर बसल्या तर पाय लोंबकळले. म्हणाल्या, मिस्त्री, मी काय कलेक्टर हाय का? मग पाय कापले, बैठं केलं, खाली सतरंजी टाकून बसायचं. तेही तीन दिवस चाललं नाही, कारण अम्मांना रिकाम्या हातानं गोष्ट ऐकवेना आणि डाळ निवडायला घेतली की दाणे घरंगळून पोरीच्या वहीवर. तेव्हा त्यानं एका बाजूला बोटभर उंच काठ मारला, परातीला असतो तसा. टेबलाची पुनमकडची बाजू सपाट, वहीसाठी; अम्मांकडची बाजू काठाची, डाळीसाठी. असलं टेबल लातुरात कुणी केलं नव्हतं आणि कुणी मागितलंही नव्हतं. ते स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत ठेवलं.

बाकीच्या पोरीही ओळीनं यायला लागल्या. पण अम्मांची आवड कडक. जनावरं, झाडं, आजार चालायचे. राजश्रीनं एकदा फिजिक्स सांगायला घेतलं, अम्मा बसल्याजागी घोरायला लागल्या. राजश्री म्हणाली, आमच्या सरांचा क्लास पण असाच असतो.

दिवाळीआधी शेवटची टेस्ट झाली. पुनमला सत्तेचाळीस मिळाले. व्यंकट मार्कांची यादी पुन्हा पुन्हा वाचत राहिला. एकतीसवरून सत्तेचाळीस म्हणजे चढण, पण बहात्तरवरून सत्तेचाळीस म्हणजे उतरण. हे दाजींना कोणत्या बाजूनं सांगायचं?

ते ठरायच्या आत किशनराव आले. खिशात कॉलेजातून दाखला काढायचा अर्ज, गुरुजींकडून नीट लिहून घेतलेला. त्यांनी सत्तेचाळीस ऐकलं आणि मान हलवली. रागावले नाहीत. म्हणाले, पोरीनं मेहनत केली, पण हे आपलं काम न्हाई. कॉलेज तीन वाजता उघडेल, तोवर थांबतो. अम्मा बाजारात गेल्या होत्या. किशनराव पडवीत टेकले, नेमके टेबलाच्या काठाच्या बाजूला. समोर तुरीची डाळ पसरलेली होती. शेतकऱ्याचा हात, आपोआप खडे टिपायला लागला.

व्यंकटनं पुनमला डोळ्यानं खुणावलं. ती बसली. पण वडिलांना सांगायचं काय? तिनं त्यांच्या हातातली डाळ बघितली आणि म्हणाली, “आबा, तुरीच्या बेवडावर ज्वारी चांगली का येते?”

किशनराव हसले. म्हणाले, तूर काढून त्या रानात दुसरं पीक घेतलं की जोमात येतं, हे काय कॉलेजात शिकवावं लागतं? आमच्या आज्याला ठाऊक होतं.

“हाव, पण का येतं?”

मग पुनमनं सांगितलं. तूर उपटली की मुळांना बारीक गाठी दिसतात, त्या रोग म्हणून नव्हेत. त्यात डोळ्याला न दिसणारे जीव राहतात, भाडेकरू. हवेत खत भरलेलं असतं पण झाडाला ते खाता येत नाही. हे भाडेकरू हवेतलं खत मोडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. तूर कापली तरी गाठी रानातच राहतात. म्हणून पुढच्या ज्वारीला आयतं ताट मिळतं. किशनरावांचा हात डाळीत थांबला. त्यांनी आयुष्यभर त्या गाठी बघितल्या होत्या. एका साली कीड म्हणून मुळं जाळलीही होती. ते म्हणाले, “मग त्यांना तिथं आणतं कोण? दाण्यात तर नसतात ते.”

पुनम बोलायला गेली आणि थांबली. तिनं वही उघडली, पानं उलटली, वही मिटली.

“ते मला ठाऊक न्हाई, आबा. मातीत असतात एवढंच लिहिलंय. मुळाला कसे सापडतात ते न्हाई लिहिलं.”

व्यंकटला वाटलं, झालं, बुडालं. नेमकं आजच अडायचं होतं. किशनराव टिपलेले खडे मुठीत धरून बसले होते. तीन वाजून गेले. साडेतीन झाले. व्यंकट दोनदा खाकरला. मग किशनराव उठले, खडे अंगणात टाकले, हात झटकले आणि पोरीला म्हणाले, “सरांना विचार. दिवाळीला चार दिवस घरी ये अन् सांग. पुढं परत इथं ये.”

कॉलेजच्या रस्त्याला ते वळलेच नाहीत. व्यंकट त्यांना पोचवायला स्टँडवर गेला. निलंग्याच्या गाडीला गर्दी होती, खिडकीची जागा मिळवून किशनराव बसले आणि बाहेर वाकून म्हणाले, “व्यंकट, सत्तेचाळीस म्हंजे पास का नापास?”

“पास हाय, दाजी.”

“मग बहात्तरवाली यादी मला कशाला दाखवली होतीस?”

गाडी हलली. तो स्टँडवर तसाच उभा राहिला, आणि पोरगी राहिली ती टेबलामुळं, का डाळीमुळं, का तिला उत्तर आलं नाही म्हणून, याचा विचार करत चुकून उदगीरच्या फलाटावर जाऊन पोचला.